तीनदा धुतलेली नळी

अंगावर आखलेल्या रेघा आणि पोटात पोकळी, एवढंच माझं रूप. मी काचेची नळी आहे. हातभर उंच, बुडाशी जाड. फेस मोजणं हे माझं काम होतं. होतं म्हणते, कारण आता ते माझ्याकडे नाही. का नाही, ते सांगते.

माझा जन्म उत्तरेला, मॉन्तेर्रेच्या एका भट्टीत झाला. माझ्याबरोबर जन्मलेल्या पुष्कळ जणी होत्या. कुणी दवाखान्यात गेल्या, कुणी शाळेत. मला पेंढ्यात गुंडाळून दक्षिणेला पाठवलं. तिथं हा मेक्सिको देश कंबरेशी आवळल्यासारखा अरुंद होतो, आणि एका समुद्राचा वारा दुसऱ्या समुद्राकडे धावताना वाटेतले ट्रक आडवे करतो. त्या वाऱ्यात, तेवांतेपेकच्या पुढं, गॅस धुण्याचा एक कारखाना होता. तिथल्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या फळीवर मला जागा मिळाली.

गॅस धुतात तो असा. एका उंच टॉवरमध्ये गॅस खालून वर चढतो आणि एक द्रावण आत एकाखाली एक बसवलेल्या ताटांवरून खाली उतरतं. वाटेत दोघांची गाठ पडते. गॅसमधलं सडक्या अंड्याच्या वासाचं विष द्रावण आपल्यात घेतं आणि गॅस स्वच्छ होऊन वरून निघून जातो. या गाठीभेटीत बुडबुडे होणारच. ते फुटत राहिले की सगळं ठीक. पण द्रावणात गंज, तेल, कसलीशी घाण साठत गेली की बुडबुडे फुटेनासे होतात. फेसावर फेस चढतो, टॉवर गळ्यापर्यंत तुंबतो, द्रावण गॅसबरोबर वरून बाहेर उडायला लागतं, आणि विष न धुताच पुढं जातं. हे सगळं पोलादाच्या आत चालतं. बाहेरून काही दिसत नाही. दिसायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून मी. टॉवरमधलं थोडं द्रावण माझ्यात ओतायचं, तळाशी एक सच्छिद्र दगड सोडून त्यातून हवा फुंकायची, आणि बघत राहायचं. फेस कुठल्या रेघेपर्यंत चढला? हवा बंद केल्यावर तो लगेच मोडला, की रेंगाळला? माझ्यात रेंगाळला म्हणजे दोन-चार दिवसांत टॉवरमध्ये माजणार. एवढ्याशा पोटात मी त्या मोठ्या पोटाचं पुढचं दुखणं आधी दाखवायची.

मला हाताळणारी होती रुफिना. पन्नाशीकडे झुकलेली, रुंद बांध्याची, पांढऱ्या कोटाच्या आत हुइपिल म्हणतात तसलं नक्षीचं सैल लाल पोलकं घालणारी. ओआहाकाला जाऊन रसायनशास्त्र शिकून आली होती. पण फेस तिला त्याच्याही आधीपासून ठाऊक होता. तिची आई कान्दिदा जवळच्या हुचितान गावच्या बाजारात बुपू विकायची. मक्याच्या गरम पांढऱ्या पेजेवर कोको, गूळ आणि चाफ्याच्या फुलांचा फेस ढिगानं घालून देतात, तो बुपू. फेस जितका उंच आणि जितका टिकाऊ, तितकी बाईची कीर्ती. रुफिना नव्या माणसांना हसत सांगायची, "घरी फेस चढला नाही तर आई ओरडायची, इथं चढला तर साहेब ओरडतात. माझं मेलीचं दोन्हीकडे फेसाशीच लग्न लागलंय."

साहेब म्हणजे बेर्सुंसा, युकातानकडचे इंजिनिअर. माणूस वाईट नव्हता. फेसावर त्यांचा अभ्यास होता. ते म्हणायचे, की दोन द्रव वेगवेगळे असताना शांत असतात आणि एकत्र आले की फेसाळतात. त्याचं गणित अजून कुणाला नीट जमलेलं नाही. म्हणून ते माझ्यावर विसंबायचे. "रुफिना, नळी काय म्हणते?" हा त्यांचा रोजचा प्रश्न.

आणि टॉवरखाली काम करायचा नासारिओ, रुफिनाचा धाकटा भाऊ. त्याला हसल्याशिवाय बोलता येत नसे.

टॉवरमधून निघालेल्या गॅसबरोबर चुकून आलेले थेंब एका टाकीत गळायचे. ती टाकी जमिनीखालच्या खड्ड्यात होती. प्रत्येक पाळीत कुणीतरी खड्ड्यात उतरून तिचा नळ सोडायचा. उतरताना मास्क घालायचा असा नियम होता. पण तो मास्क रबराचा, जड. त्या उन्हात तोंडाला शिजवून काढणारा. शिवाय टॉवर नीट चालत असला की टाकीत विष येतच नाही, हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे माणसांनी आपली एक पद्धत पाडली होती. ज्या दिवशी माझ्यात फेस रेंगाळायचा, त्या दिवशी रुफिना खिडकीला एक लाल फडकं बांधायची. फडकं दिसलं की मास्क. नाही दिसलं की नुसताच माणूस.

ही पद्धत कुठं लिहिलेली नव्हती. साहेबांनाही ती माहीत असावी. पण त्यांनी कधी विचारलं नाही.

नासारिओ पाळीवर येताना खिडकीखाली थांबायचा. "ताई, आज काय? जेवू का पळू?"

"जेव," ती आतून म्हणायची. "पण बूट काढू नकोस."

फेस माजलाच तर त्यावर एक औषध होतं. दुधासारखं पांढरं, जाडसर. ते थोडंसं टॉवरच्या द्रावणात सोडलं की फेस बसायचा. थोडंसंच, जास्त झालं तर उलट त्रास वाढायचा. ते मोजायला प्लास्टिकचं एक माप होतं. एका हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला आणि ते माप नासारिओच्या हातातून उडून कुंपणापलीकडे निवडुंगात गेलं ते गेलंच. नवीन मागवलं. ते येईना.

बाकीचे अंदाजानं औषध ओतायला लागले. नासारिओला ते पटेना. तो हसरा होता, पण हाताचा काटेकोर होता. त्याला रेघा असलेलं भांडं हवं होतं. रविवारी रुफिनाची सुट्टी असे. त्या रविवारी टॉवर कुरकुरायला लागल्यावर तो प्रयोगशाळेत आला, मला उचललं आणि औषध माझ्यात बरोबर रेघेपर्यंत मोजलं.

मग त्यानं मला धुतलं. एकदा गार पाण्यानं, एकदा गरम पाण्यानं, एकदा साबणानं, आणि वर पुन्हा खळबळून. उजेडात धरून पाहिलं, सदऱ्याच्या टोकानं कोरडं केलं आणि मी होते तिथंच ठेवलं. त्यांच्या घरी आईची शिस्त होती, मागून आणलेलं भांडं नेलं तेव्हापेक्षा चकचकीत करून परत द्यायचं. तो चोरून करत होता असं नाही. आपल्या नळीला कुणी हात लावलेला ताईला खपत नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्यानंतर तो अधूनमधून येत राहिला, आणि दर वेळी तसाच मला धुऊन ठेवत गेला.

मला मात्र आतून काहीतरी वेगळं वाटत होतं. काचेवर कुणी श्वास सोडावा तसं. पण श्वास उडून जातो, हे जात नव्हतं. ते औषध काचेला धरून बसतं. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही, पाण्यानं आणि साबणानं निघत नाही. त्यानंतर माझ्यात जे द्रावण यायचं, त्याचा फेस चढायच्या आधीच मरायचा. टॉवरमधलं औषध द्रावण गाळणाऱ्या गाळणीत अडकून संपत होतं. माझ्यातलं संपत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात द्रावण काळपट झालं. रुफिना ते दोन बोटांत चोळून बघायची, वास घ्यायची, तिच्या कपाळावर आठी यायची. मग माझ्यात ओतून हवा फुंकायची. फेस दोन रेघा वर यायचा आणि लगेच खाली. ती पुन्हा करायची. पुन्हा तेच.

टॉवर थांबवून द्रावण बदलायचं की महिना पुढं ढकलायचं, हे ठरवायला बेर्सुंसा साहेब आले तेव्हा त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. रुफिनानं खरं ते सांगितलं. नळी म्हणते ठीक आहे.

"मग तुझा चेहरा असा का?"

"माझं मन मानत नाही, साहेब. हे द्रावण फेसाळायला हवं. बघा ना, कसं दिसतंय."

"मन मानत नाही, हे मी वरच्यांना कसं कळवू?" ते हळूच म्हणाले. टोचून बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "नळीत दाखव, उद्या थांबवतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी स्वच्छ होते, झळझळत होते. स्वतःच्या बोटांपेक्षा तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. टॉवर चालू राहिला. खिडकीला फडकं बांधलं गेलं नाही.

तो दिवस वाऱ्याचा नव्हता. आमच्याकडे असा दिवस क्वचित येतो. टॉवरजवळच्या खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी केशरी पिशवी असते, ती खांबाला चिकटून लोंबत होती. नासारिओ दुपारच्या पाळीवर आला. खिडकीखाली थांबला.

"जेवू का पळू?"

रुफिनानं बोटांना लागलेलं काळपट द्रावण पुसलं. मग म्हणाली, "जेव."

टॉवरमध्ये फेस आधीच चढला होता. खड्ड्यातल्या टाकीत नुसते थेंब नव्हते, न धुतलेलं विष होतं. त्यानं नळ सोडला. हवा हलत नव्हती, विष खड्ड्यातच बसून राहिलं. ते थोडं असतं तेव्हा अंड्यासारखं घाण वास मारतं. फार असलं की नाकच बधिर करून टाकतं. त्याला काही कळलं नसावं, असं सगळे म्हणाले. सगळे असंच म्हणतात.

मासेदोनिओ नावाचा त्याच्या पाळीतला जुना गडी मास्क लावून उतरला आणि त्याला वर घेऊन आला. भोंगा वाजत राहिला. रुफिना पळाली तेव्हा मी टेबलावर अर्धी भरलेली होते. त्या द्रावणावर एकही बुडबुडा नव्हता.

चौकशीला बाहेरगावची माणसं आली. त्यांनी विचारलं ते विचारलं, पाहिलं ते पाहिलं. ठरलं असं, की कामगारानं मास्क घातला नव्हता. हे खरंच होतं. हुचितानमध्ये पसरलं ते मात्र वेगळं. नासारिओ बेफिकीर होता, हसतखेळत काम करायचा, त्याचंच त्याला भोवलं. त्याच्या बायकोनं, अंपारोनं, हे आपल्या कानांनी ऐकलं.

घरात फुलांची चटई अंथरली, नऊ दिवस प्रार्थना झाल्या, चटई उचलली. रुफिना कामावर परत आली. टॉवर काही आठवडे बंद होता. द्रावण तेच होतं, कारण माझ्यात ते ठीक ठरलं होतं. तेच द्रावण घेऊन येत्या सोमवारी तो पुन्हा सुरू होणार होता. खड्ड्याच्या कामावर आता मासेदोनिओ जाणार होता. मास्कचा नियम नव्यानं वाचून दाखवला गेला, सगळ्यांनी माना हलवल्या, आणि निघताना सवयीनं वर खिडकीकडे पाहिलं.

भावाच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी रुफिना आली ती कोट न घालताच माझ्यासमोर उभी राहिली. तिनं जामची एक साधी रिकामी बाटली बरोबर आणली होती. तिच्यात टॉवरचं द्रावण ओतलं, झाकण लावलं आणि हलवलं. फेस गळ्यापर्यंत चढला आणि तिथंच बसून राहिला. मग तेच द्रावण तिनं माझ्यात ओतलं, माझ्या तोंडावर तळवा ठेवून मला हलवलं. काही नाही.

ती स्टुलावर बसली. मग तिनं साहेबांना बोलावलं, मासेदोनिओलाही.

तिनं जे सांगितलं ते असं. चाळिसाव्याला येणाऱ्यांसाठी ती अंपारोकडे बुपू घुसळत होती, नासारिओला आवडायचा म्हणून. आईचं हिरव्या झिलईचं मडकं होतं. घुसळून घुसळून हात भरून आले, पण फेस धरेना. अंपारो रडकुंडीला आली. पाहुण्यांच्या गर्दीत तिनं त्या मडक्यात एकदा चरबी पातळ केली होती. "पण मी तीनदा धुतलंय गं ताई," ती म्हणाली. "बघ ना, आरसा झालाय." तिथं सगळ्या बायकांसमोर रुफिनाच्या हातातली रवी थांबली.

"म्हणून विचारते," रुफिना म्हणाली. "माझ्या नळीत औषध कोण मोजत होतं?"

मासेदोनिओनं टोपी काढली. "नासारिओ मोजायचा. वाऱ्यानं माप नेल्यापासून. मला वाटलं, तुला ठाऊक आहे. फार जपून धुवायचा, रुफिना. आम्ही हसायचो त्याला, नवरीला न्हाऊ घालतोय म्हणून."

बेर्सुंसा साहेबांनी मला उचलून उजेडाकडे धरलं आणि खाली ठेवलं. ते म्हणाले, टॉवर सोमवारी सुरू होणार नाही, द्रावण पूर्ण बदलू. मग जरा थांबून म्हणाले, "नळी बिघडली होती, इतकंच सांगू. कुणी बिघडवली ते कशाला? गेलेल्या माणसाला अजून काय काय ऐकायला लावायचं? आणि त्याच्या बायकोला?"

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. रुफिनाला ते किती हवंहवंसं वाटलं असेल, ते तिच्या बोटांवरून मला कळत होतं. ती बोटं माझ्या काठावरून फिरत होती.

"नळी बिघडली म्हटलं, तर नवी आणाल," ती म्हणाली. "आणि कुणीतरी भला माणूस तिच्यात औषध मोजून, स्वच्छ धुऊन, जागेवर ठेवेल. लोक त्याला निष्काळजी म्हणतात ना, साहेब? निष्काळजी माणूस हे करणारच नाही. जपणाराच करेल."

पाळी बदलायच्या वेळी दोन्ही पाळ्यांची माणसं शेडखाली जमली होती. ती मला हातात घेऊन गेली. भाषण तिला येत नव्हतं.

"माझ्या भावानं यात औषध मोजलं आणि ही तीनदा धुतली," ती म्हणाली. "ते धुऊन जात नाही. मी तिच्यात बघत राहिले आणि तुम्हाला सांगत राहिले, जेवा म्हणून. फडक्यावर जाऊ नका. रोज मास्क घाला. माझ्यावर विसंबू नका."

माणसं जमिनीकडे बघत होती. कुणीतरी हुंदका दिला. ती परत आली आणि खिडकीच्या आत टांगून ठेवलेलं फडकं खिळ्यासकट काढून टाकलं.

ही गोष्ट गावात पोचायला कितीसा वेळ लागणार. नासारिओ बेफिकीर नव्हता हे लोकांना कळलं, आणि त्याच वाक्यात हेही कळलं, की त्याच्याच हातानं त्याचं मरण माझ्या आत सारवून ठेवलं होतं. ज्याला जो भाग हवा तो त्यानं घेतला. अंपारोच्या वाट्याला दुसरा भाग आला.

काही आठवड्यांनी ती त्याच्या कपाटातल्या वस्तू न्यायला कारखान्यात आली. एक सदरा, एक आरसा, बूट. जाताना प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, ती नळी बघायची आहे. रुफिनानं मला तिच्या हातात दिलं. अंपारोचे हात कोरडे आणि गरम होते. तिनं माझ्या आत पाहिलं, माझ्यातून खिडकीबाहेर पाहिलं. पलीकडे टॉवर वाकडातिकडा दिसत असेल.

"तू बोलली नसतीस तर आपलं नातं राहिलं असतं, ताई," ती म्हणाली.

"माहीत होतं मला."

"मग?"

रुफिनानं खाली खड्ड्याकडे बोट केलं. मासेदोनिओ पायऱ्या उतरत होता. रबराच्या मास्कमुळे त्याचं डोकं किड्यासारखं दिसत होतं. तो सावकाश उतरला, नळाशी वाकला, आणि सावकाश वर आला. मास्क काढून तो थुंकला, घाम पुसला, उन्हाला शिव्या दिल्या.

अंपारो ते सगळं शेवटपर्यंत बघत राहिली. मग मला फळीवर ठेवून, पिशवी उचलून निघून गेली. त्यानंतर त्या दोघींचं बोलणं झाल्याचं माझ्या कानावर नाही. पितरांच्या सणाला रुफिना अंपारोच्या अंगणापर्यंत गेली होती म्हणे, हातात आईचं मडकं घेऊन. वेदीपाशी तिला कुणी बसायला सांगितलं नाही. कुणी जायलाही सांगितलं नाही. थोडा वेळ उभी राहून ती परत आली.

माझ्या जागी आता नवी नळी आहे. तिला फक्त रुफिना हात लावते. वापरायच्या आधी ती शेजारी दुसऱ्या बाटलीतही द्रावण हलवून बघते. माझ्या गळ्याला लाल रंगाचा पट्टा ओढून मला औषधाच्या पिंपाशेजारी ठेवलंय. माझ्यात आता फक्त औषध मोजतात. रेघा तर आहेतच. दुसऱ्या कशाला मी उपयोगी नाही. मासेदोनिओ मला धूत नाही. धुवायचं कारणच राहिलेलं नाही. औषध वाळून माझ्यावर पांढरे ओघळ आलेत. इतकी वर्षं मी कधी एवढी मळकी नव्हते.

तुमच्याही घरात, कामावर एखादं भांडं असेल, एखादं माप असेल, ज्याच्याकडे बघून तुम्ही दुसऱ्याला जेव म्हणता. ते किती स्वच्छ दिसतंय यावर जाऊ नका. त्यात आधी काय होतं ते विचारा, आणि ज्यानं धुतलं त्यालाच विचारा, तो आहे तोवर. मला मात्र आता कुणी उजेडात धरून बघत नाही. त्या दिवसांत बघितलं, तेव्हाही माझ्यात काही दिसलं नाही. सांगायचं होतं ते एवढंच.